विहीर, आड, बोअरचं पाणी बिघडलं तर: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी तपासायची पेटी घेऊन खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागात बरीच वर्षं फिरतोय. गाव बदलतं, विचारणारा बदलतो, प्रश्न मात्र तेच. ते इथं एकत्र केलेत. ज्या प्रश्नाला लोक जास्त वेळ थांबवून धरतात त्याचं उत्तर लांब झालंय, त्याला इलाज नाही.

"आमच्या हिरीचं पाणी लई गोडं हाय की. तपासायचं कशाला?"

आपल्याकडे गोडं पाणी म्हणजे मचूळ नसलेलं, डाळ लवकर शिजवणारं पाणी. त्यावरून क्षार कमी असावेत इतकंच कळतं. युरियातून, शौचखड्ड्यातून पाण्यात उतरणारं नत्र म्हणजे नायट्रेट. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जंतूंचंही तसंच. क्रोमियम पिवळं असतं खरं, पण तो पिवळेपणा डोळ्याला दिसेपर्यंत मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. जिभेवर भरवसा ठेवायचा तर तो खारटपणापुरता ठेवा.

विहिरीत मासे आहेत, कासव आहे. म्हणजे पाणी चांगलंच ना?

मासा जगतोय म्हणजे पाण्यात प्राणवायू आहे आणि माशाला मारणारं विष नाही. माणसाला कावीळ किंवा हगवण लावणाऱ्या जंतूंचं माशाला काहीच वाटत नाही. गप्पी मासे डासांसाठी जरूर सोडा, पण त्यांना पाणी तपासणीस नेमू नका.

माती पाणी गाळते म्हणतात. मग घाण खाली पोहोचते कशी?

माती गाळते, हे खरं. पण कुठली माती, आणि किती जाड?

खानापूर तालुका आणि बेळगाव शहराचा बराच भाग जांभ्यावर बसलाय. घराला वापरतात तो जांभ्याचा चिरा घ्या, त्यावर तांब्याभर पाणी ओता. थोडं वरून ओघळतं, बाकीचं चिरा पितो, आणि जरा वेळानं खालच्या बाजूनं थेंब सुटतात. डोंगरातला जांभाही असाच आहे, भोकाभोकांचा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर तिकडच्या विहिरी तोंडापर्यंत भरतात आणि पाणी लालसर होतं. जे पाणी इतक्या झपाट्यानं विहिरीत येतं, त्याला वाटेत गाळलं जायला सवडच मिळत नाही. जंतू मातीला चिकटून मरायला वेळ लागतो. जांभा तो वेळ देत नाही.

निपाणी-चिकोडीकडे खाली काळा पाषाण. अखंड पाषाणातून पाणी जात नाही, जातं ते फटींतून आणि वरच्या मुरमातून. फट म्हणजे नळीच. तुमच्या शेजारची विहीर चांगली आणि तुमची खराब, असं का, याचं उत्तर बहुतेक वेळा फटीत असतं. काळी माती त्यावर जाड असली तर ती पाणी अडवते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वळवाचं पहिलं पाणी, उकिरड्यासकट, त्या भेगांतून सरळ खाली उतरतं.

बोअरचं वेगळंच. लोकांना वाटतं, तीन-चारशे फूट खोल म्हणजे शुद्ध. पण केसिंग पाइप पक्क्या खडकात नीट बसवला नाही, पाइप आणि मातीमधली फट सिमेंटनं बंद केली नाही, तर वरचं पाणी पाइपाच्या बाहेरून घसरत खाली जातं. बोअर मारणारा फुटावर पैसे घेतो. फट बुजवायचे पैसे कोणी देत नाही, म्हणून ती कोणी बुजवत नाही.

आमच्याकडे पाणी नेमकं कशानं बिघडतं?

मी तपासलेल्या पाण्यापुरतं सांगतो. सगळ्यात जास्त वेळा शौचखड्डा. त्यानंतर उसाचा युरिया. कारखाना मनात पहिला येतो, पण घरच्या परसातला खड्डा आठवत नाही.

शहरालगत नाल्याचा प्रश्न आहे. बळ्ळारी नाला शहराचं सांडपाणी घेऊन शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवाराकडे जातो, पावसात पात्र सोडून भातात पसरतो. ज्या शिवारात बेळगाव बासमती पिकायचा, तिथल्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकायला गेलात तर संध्याकाळ होते. शेतात साचलेलं पाणी जाणार कुठं? थोडं वाफ होऊन, बाकी खाली.

बेळगाव हे फाउंड्री, मशीनशॉपचं गाव आहे. जिथं धातूवर मुलामा चढवतात तिथं क्रोमियम, निकेल. जिथं सुटे भाग धुतात तिथं ग्रीस काढणारी द्रावकं. जुन्या पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या गंजतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारं तपकिरी सांडपाणी असतं, त्यात क्षार, पोटॅश आणि कुजणारा सेंद्रिय माल भरपूर. ते ठरावीक प्रमाणात शेताला दिलं तर खत, पण खड्ड्यात नुसतं साठवून ठेवलं की आसपासच्या विहिरी चहासारख्या दिसायला लागतात.

शौचखड्डा विहिरीपासून किती लांब हवा?

सर्वसाधारण नियम किमान १५ मीटर, म्हणजे ५० फूट. जांभ्यात मी दुप्पट सांगतो. त्याहून महत्त्वाचं, खड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या अंगाला हवा, आणि खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहायला हवा. एका घरी गेलो होतो, आडापासून खड्डा मोजून नऊ पावलं. तीन पिढ्या तिथंच पाणी भरतायत, काही झालं नाही, असं आजी म्हणाल्या. हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची बाटली भरून त्यांच्याच फडताळात ठेवली. या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत शाई ओतल्यासारखं झालं होतं. आजींनी ती बाटली स्वतःच गल्लीभर दाखवून आणली. माझ्या भाषणानं झालं नसतं ते त्या बाटलीनं केलं.

उकळून प्यायलं की झालं ना?

जंतूंसाठी, हो. उकळी आल्यावर एखादा मिनिट खदखदू द्या, बास.

नायट्रेटसाठी मात्र उलटं होतं. उकळल्यावर पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट भांड्यात राहतं, म्हणजे ते आणखी दाट होतं. आंघोळीच्या बंबात खडे का धरतात ते आठवा, तसंच. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी हे फार धोक्याचं. जास्त नायट्रेटनं रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. अशा घरी बाळाचं दूध दुसऱ्या, तपासलेल्या पाण्यात कालवायचं.

तुरटी आणि निवळीचं बी गढूळपणा खाली बसवतात, जंतू मारत नाहीत. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवल्यानं काही जंतू कमी होतात, रसायन एकही कमी होत नाही. आरओ नायट्रेट, फ्लोराइड, क्षार काढतं, पण त्यातून बाहेर टाकलेलं पाणी जास्तच दाट असतं. ते विहिरीच्या कट्ट्याशी सोडलेलं मी पाहिलंय.

पूर ओसरलाय. विहीर कशी साफ करायची?

२०१९ आणि २०२१ साली हा प्रश्न दिवसाला दहादा यायचा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा काठच्या विहिरी आठवडाभर पुराच्या पाण्याखाली होत्या.

आधी उपसा, गाळ काढा, कठड्याच्या आतली बाजू घासा. मग ब्लीचिंग पावडर. ती अंदाजे टाकू नका, हिशेब सोपा आहे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये), त्याला ०.७८५ नं गुणा, आले ते घनमीटर. एका घनमीटरला म्हणजे १००० लीटरला चांगली पावडर २.५ ग्रॅम. समजा विहीर ४ मीटर रुंद आणि पाणी ३ मीटर: १६ गुणिले ३ गुणिले ०.७८५, साधारण ३८ घनमीटर. म्हणजे ९५ ग्रॅम, सरळ १०० धरा. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, आणि फक्त वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. चुना आत गेला तर पाणी जड होतं. मग रिकामी बादली दोरानं चार-सहा वेळा वर-खाली करून पाणी ढवळा. रात्री करा, सकाळपर्यंत कोणी भरू नये.

पुराचं पाणी घाणेरडं असतं, ते क्लोरिन खाऊन टाकतं. म्हणून तासाभरानं ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरिन मोजायची चाचणी) घ्या. लीटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक दिसलं नाही तर पुन्हा टाका. आणि पावडरचं पाकीट गेल्या वर्षी उघडलेलं असेल तर ते भिंतीला लावा, विहिरीला नको. त्यातलं क्लोरिन कधीच उडालेलं असतं.

तपासणीचा कागद कन्नडमध्ये आलाय. त्यात काय बघू?

आधी नमुना कुठला ते बघा. 'कोळवे बावी' म्हणजे बोअर, 'तेरेद बावी' म्हणजे उघडी विहीर. 'कुडियलु योग्य' असेल तर पिण्यास योग्य, आणि शेवटी 'योग्यवल्ल' असेल तर नाही. कागदावर आकडे असतात ते सगळ्या भाषांत सारखेच, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे लीटरला नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत. फ्लोराइड १ पर्यंत उत्तम, दुसरी सोय नसेल तर १.५. एकूण विरघळलेले क्षार ५०० पर्यंत उत्तम, २००० च्या वर नाहीच. कठीणपणा २०० पर्यंत उत्तम, ६०० च्या वर नाही. क्रोमियम ०.०५. शिसं ०.०१. सामू (पीएच) ६.५ ते ८.५. आणि ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतला जंतू, १०० मिलिलीटरमध्ये शून्य. या शेवटच्या ओळीत थोडं चालतं असं काही नाही.

एकदा रसायन खाली गेलं की पाणी परत साफ होतं का? उपसून टाकलं तर?

हाच तो प्रश्न.

लोणच्याची जुनी बरणी घ्या. दहा पाण्यांनी धुवा, उन्हात ठेवा. दोन दिवसांनी झाकण उघडलं की वास आहेच, कारण तेल मातीच्या अंगात मुरलंय. जमिनीचं तसंच होतं. बिघडलेलं पाणी फक्त विहिरीत नसतं, ते चिकणमातीत, मुरमात, खडकाच्या बारीक भोकांत शिरून बसलेलं असतं. उपसा सुरू केला की पहिले काही महिने आकडा झपाट्यानं उतरतो, सगळे खूश होतात. मग तो एका जागी अडतो. पंप बंद केला की मातीतलं रसायन पुन्हा बाहेर झिरपतं आणि आकडा परत चढतो. उपसून, वर शुद्ध करून सोडायची पद्धत जगात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त वापरलेली; ती दहा-वीस वर्षं चालल्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत. तिचा खरा उपयोग घाण पसरू न देण्याला होतो.

शिवाय सगळी रसायनं सारखी वागत नाहीत. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगतं. आडात पोहरा टाकल्यावर रॉकेलचा वास आला, पाण्यावर इंद्रधनुष्याची साय दिसली, तर ते वरच आहे, आणि वरचं वर काढताही येतं. ग्रीस धुणारी क्लोरिनवाली द्रावकं मात्र पाण्यापेक्षा जड. ती पाण्यातून खाली बुडतात, फटीत उतरतात, तिथं डबकं करून बसतात. ट्रायक्लोरोएथिलीन घ्या. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या हिशेबानं एक लीटर द्रावक सुमारे २९ कोटी लीटर पाणी मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवायला पुरतं. एक लीटर म्हणजे मशीनशॉपमधला एक कॅन, तोही अर्धा भरलेला.

मग जाणकार लोक काय करतात?

सगळ्यात आधी मूळ बंद करतात. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा एक कारखाना १९९०च्या दशकात बंद पडला, पण कचऱ्याचा ढीग तिथंच राहिला आणि दर पावसाळ्यात खाली झिरपत राहिला. ढीग वर ठेवून खालचं पाणी साफ करणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

पेट्रोलसाठी जमिनीत हवा सोडतात. उडून जाणारा भाग हवेबरोबर वर ओढून घेतात, उरलेला जंतू खातात. हो, मातीत पेट्रोल खाणारे जंतू मुळातच असतात. त्यांना फक्त प्राणवायू आणि थोडं खत हवं. या कामात जंतू आपल्या बाजूनं आहेत.

क्रोमियमची गंमत आपल्या भागातल्या माणसाला पटकन कळते. विषारी क्रोमियम सहा संयुजेचं, ते पाण्यात विरघळून पळतं. त्याला तीन संयुजेचं केलं की ते साका होऊन मातीला चिकटून बसतं, धोकाही फार कमी. हे करायला हिराकस चालतो. आणि मळीही चालते! परदेशात साखरेची मळी पाण्यात कालवून बोअरमधून जमिनीत सोडतात. जंतू ती खातात, प्राणवायू संपवतात, आणि त्या हवाबंद स्थितीत क्रोमियमचं रूप बदलतं. म्हणून उद्या कुणी बोअरमध्ये मळी ओतू नये, कृपा करून. किती, कुठं, किती खोल हे मोजून करायचं काम आहे. चुकलं तर लोखंड, मँगनीज सुटतात आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो.

आणखी एक पद्धत, लोखंडाच्या किसाची भिंत. पाणी ज्या दिशेनं वाहतं तिथं आडवा चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरायचा. पाणी त्यातून जाताना क्रोमियम साका होऊन अडतं आणि क्लोरिनवाली द्रावकं मोडतात, पंप नको, वीज नको. कॅनडा-अमेरिकेत १९९०च्या दशकापासून वापरतात. मला ही पद्धत फार आवडते, पण ती वाळूमातीच्या प्रदेशातली. आपल्या काळ्या पाषाणात पन्नास फूट खोल चर खणायचा तर सुरुंग लावावे लागतील, आणि सुरुंगानं नव्या फटी पडतील.

उसामुळं वाढलेल्या नायट्रेटला काय उपाय?

जमिनीखाली करण्यासारखं थोडं, वर करण्यासारखं पुष्कळ. मुळांना जेवढं खाता येतं तेवढाच युरिया, हप्त्याहप्त्यानं. पाटपाण्यापेक्षा ठिबक, कारण वाहून खाली जातं ते जादा पाण्याबरोबर. वर देणं कमी झालं की काही पावसाळ्यांत आकडा हळूहळू उतरतो. तोपर्यंत प्यायला दुसरं पाणी, आणि ही विहीर शेताला. त्या पाण्यात नत्र आधीच आहे, ते युरियातून वजा करा.

नुसतं सोडून दिलं तर आपोआप सुधारेल?

जंतूंचं आणि पेट्रोलचं काही वेळा सुधारतं, मूळ बंद झालं असेल तर. पण दर तीन-सहा महिन्यांनी मोजत राहायचं. न मोजता सोडून देण्याला पद्धत म्हणत नाहीत.

पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडून पातळ करू का?

छताचं, पहिला पाऊस वाहू दिल्यानंतरचं, वाळू-खडी-कोळशाच्या गाळणीतून गेलेलं असेल तर सोडा. रस्त्याचं, गोठ्याचं, अंगणाचं पाणी कधीच नको. आणि बंद पडलेल्या बोअरमध्ये मोरीचं पाणी सोडणाऱ्यांनी तर आपल्याच पिण्याच्या पाण्यात मोरी सोडलीय. त्याला काय म्हणावं मला सुचत नाही.

जुनी विहीर बुजवून टाकावी का?

नको. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी बेळगावात टिळकवाडीत विहीर खणली, ती काँग्रेस विहीर अजून आहे. १९९०च्या दशकातल्या टंचाईत शहरातल्या अशा जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. कचरा टाकून बुजवलेली विहीर म्हणजे थेट पाण्यात ठेवलेला उकिरडा. वापरायची नसेल तर जाळी घाला, झाकण घाला. गणपतीही त्यात सोडू नका. प्लास्टर वर्षानुवर्षं विरघळत नाही आणि रंग मात्र उतरतो.

तक्रार कुठं करायची? पाणी महाराष्ट्रातून येतं, राहतो कर्नाटकात.

वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी तिकडून येतात हे खरं, पण तुमची विहीर इथली आहे. गावात आधी ग्रामपंचायत, तिच्याकडे तपासणीचा संच असतो. कारखान्याचा संशय असेल तर कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बेळगावातलं कार्यालय आणि जिल्हाधिकारी. अर्ज मराठीत लिहिला तर सोबत कन्नड प्रत जोडा, काम लवकर होतं. यावर वाद घालायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी घाला. त्याच्यावर राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या तक्रारींचं न्यायालय. पुणं जवळ वाटतं, पण कर्नाटकाची प्रकरणं चेन्नईच्या खंडपीठाकडे जातात. साधारण तक्रारीला कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाईच्या मागणीला पाच वर्षं अशी मुदत आहे.

उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं प्रकरण वकिलांना तोंडपाठ असतं. एच-ॲसिड (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी तिथल्या विहिरी नासवल्या. याचिका १९८९ ची. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्यानं नासवलं त्यानंच साफ करायचा खर्च द्यायचा. पैशांवरून वाद मात्र २०११ मध्येही त्याच न्यायालयात चालूच होता. म्हणून तक्रारीच्या पहिल्या दिवशीच पाण्याचा नमुना घेऊन ठेवा. पुढं पाणी बदलतं, कागद बदलत नाही.

नमुना कशात आणि कसा आणायचा?

जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच. झाकणाला आतून बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. रसायनांसाठी एक लीटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून. बोअर असेल तर आधी दहा मिनिटं चालू ठेवा, पाइपात रात्रभर साचलेलं पाणी जाऊ द्या. बाटलीवर गाव, गट नंबर, तारीख, वेळ, आणि विहीर की बोअर ते लिहा. पेट्रोलचा संशय असेल तर काचेची बाटली, तोंडापर्यंत भरून, हवेचा बुडबुडा न ठेवता. आणि कोल्ड्रिंकची बाटली आणू नका. परवा एकानं आणली, आणि तपासणीत साखर निघाली.